गायरान कोणाचे, विकास कोणाचा?



निवडणूक आली की विकास, रस्ता खोदला की विकास, कंपनीची गाडी माळावर उभी राहिली की विकास! हा शब्द आता इतका स्वस्त झाला आहे की त्याचा अर्थ विचारायचेही कुणाला सुचत नाही. दुसरीकडे शहरातली काही विचारवंत मंडळी गेली बरीच वर्षे सांगत आहेत की हा विकासच खोटा आहे. त्याने जंगले गेली, नद्या आटल्या, हवा नासली. तेव्हा गरजा कमी करा, खेडी स्वयंपूर्ण करा, निसर्गाशी जुळवून घ्या. दोघांचेही बोलणे ऐकून आपला समाजबांधव मनात म्हणतो की यात मी कुठे आहे? पहिल्या मंडळींच्या नकाशात माझी वस्ती मोकळी जागा म्हणून दाखवलेली असते. दुसऱ्या मंडळींच्या स्वप्नातल्या गावात मी पुन्हा गावकुसाबाहेरच दिसतो.

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधायला जाण्याची गरज नाही. ते आपल्या गावाशेजारच्या माळावर आहे. त्या माळाचे नाव गायरान.

आपण आंबेडकरवादी आहोत, म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. जुन्या खेड्याकडे परत जाणे ही आपली मागणी कधीच नव्हती आणि पुढेही असणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना प. पू. बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्याचा बुरखा फाडला. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयवाद यांचे घर म्हणून त्यांनी खेड्याकडे बोट दाखवले. यंत्राचाही त्यांना विटाळ नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाणी आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्यासारख्या मोठ्या प्रकल्पाची पायाभरणी त्या काळात झाली, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. माणसाची ढोरमेहनत यंत्राने कमी व्हावी, त्याला विचार करायला, शिकायला वेळ मिळावा, हेच त्यांचे म्हणणे होते.

मग बाबासाहेब आजच्या विकासवाल्यांच्या बाजूचे होते काय? मुळीच नाही. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या त्यांच्या निवेदनात त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी, ती जातपात न पाहता गावातल्या कुटुंबांना सामूहिक रीतीने कसायला द्यावी आणि बी-बियाणे, अवजारे, पाणी सरकारने पुरवावे अशी मांडणी केली. गावात जमीनदारही उरू नये, कूळही उरू नये आणि भूमिहीन मजूरही उरू नये, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे बाबासाहेबांचा पहिला प्रश्न मालकीचा आहे. यंत्र कोणाच्या हाती, पाणी कोणाच्या रानात, जमीन कोणाच्या नावावर? हे तीन प्रश्न विचारले की विकास खरा की खोटा हे लगेच समजते.

आता हेच तीन प्रश्न आपल्या भागाला लावून पाहा. आपला भूम तालुका बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला. जमीन हलकी, मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. खवा हा इथला जुना धंदा, तोही दुभत्या जनावरांच्या जिवावर. अशा कोरड्या मराठवाड्यात गेल्या काही दशकांत ऊस आणि साखर कारखाने वाढले. ज्यांच्याकडे विहीर आणि पैसा होता त्यांचे रान हिरवे झाले. पण एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हेही आपण डोळ्यांनी पाहिले. पाणी कोणाच्या रानात गेले याचे उत्तर त्या रेल्वेने दिले.

भूमिहीनाच्या वाट्याला उसातून आला तो कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर टाकायचे आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई त्यात अर्धा कोयता! पोरांची शाळा अर्ध्यावर सुटते. गरोदर बाईलाही मोळी सुटत नाही. उचल फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा तोच मुकादम. ज्या वाढीच्या आकड्यांनी राज्यकर्त्यांची छाती फुगते, त्या आकड्यांच्या तळाशी हा कोयता आहे.

या कोयत्यातून बाहेर पडायला अनेक गावांत आपल्या माणसांनी जो रस्ता धरला, तो गायरानाचा. गायरान म्हणजे गावाच्या जनावरांना चरायला राखून ठेवलेली सरकारी जमीन. बहुधा खडकाळ, कुणालाही नको असलेली. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही अशा माणसाने ती दगड वेचून, बांध घालून, काटवण उपटून पेरती केली. ही चोरी नव्हती. त्यामागे मोठी चळवळ आहे आणि ती आपल्या पोराबाळांना माहीत असली पाहिजे.

आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद झाली आणि तिला स्वतः बाबासाहेब आले होते. वतन हा मान नसून गळफास आहे, गावकीच्या फुकट राबणुकीतून सुटल्याशिवाय माणूस स्वतंत्र होत नाही, हा त्यांच्या वतनविरोधी लढ्याचा सारांश होता. पण गावकी सोडली तर खायचे काय? त्याचे उत्तर जमीन हेच होते. १९५३ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठवाड्यात पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला. १९५९ मध्ये पुन्हा झाला. आणि ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा जो सत्याग्रह सुरू केला, त्यात तीन लाखांहून अधिक स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. बाया तान्ही पोरे घेऊन तुरुंगात गेल्या. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावा ही त्या सत्याग्रहाची एक मागणी होती आणि पडीक जमीन भूमिहीनांना द्या ही दुसरी. मान आणि भाकरी या दोन मागण्या आपल्या माणसांनी एकाच कागदावर लिहिल्या होत्या, हे विसरू नये.

या लढ्यांना पुढे काही यश आले. ३१ मार्च १९७८ पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने त्याच वर्षी घेतला. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली, अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, भटके-विमुक्त अशा भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. १४ एप्रिल १९९० हा दिवस म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. शेजारच्या बीड जिल्ह्यात आणि मराठवाडाभर एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने हे गायरान हक्काचे काम गावोगाव नेले. मातंग समाजातून पुढे आलेल्या आवाडांनी नंतर बौद्ध धम्म स्वीकारला आणि २०१५ साली ते गेले. पण बौद्ध, मातंग, पारधी, भटके असे सगळे भूमिहीन एका बांधावर उभे राहू शकतात हे त्या कामाने दाखवून दिले.

आता शहरातल्या विचारवंतांना ज्या पर्यायाची ओढ लागली आहे, तो या गायरानावर कसा दिसतो ते पाहा. गायरान कसणाऱ्याकडे विहीर नसते, कर्ज मिळत नाही, महागडे खत परवडत नाही. म्हणून तो पावसाच्या पाण्यावर येणारी पिके घेतो. बाजरी, तूर, मटकी, हुलगा, कारळे, बांधाला अंबाडी आणि रब्बीत जमलीच तर ज्वारी. एकाच रानात चार पिके. एक गेले तर दुसरे हाती लागते. घरात वर्षाचे नाही तरी सहा-आठ महिन्यांचे धान्य येते. कडबा येतो, त्यावर दोन शेळ्या राहतात. आणि घरात धान्य असले की मुकादमापुढे मान खाली घालावी लागत नाही, पाटलाच्या बांधावर 'या म्हणतील तेव्हा' जावे लागत नाही. मजुरीचा भाव विचारण्याची हिंमत येते. ज्याला पंडित लोक पर्यावरणीय आणि सामाजिक न्याय म्हणतात, ते दोन्ही त्या दोन-तीन एकरांत एकत्र नांदताना दिसतात. त्याला कुणी तसे नाव दिले नाही एवढेच.

हे एकट्यादुकट्याचे नशीब म्हणून सोडून देण्याचे काम नाही. संघटनेने केले तर ते टिकते. आपल्यापासून फार लांब नाही, बिदरच्या पलीकडे तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूर नावाचे गाव आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून काम करते. तिच्या संघांमधल्या बहुतेक बाया दलित आणि गरीब घरातल्या. पडीक पडलेल्या जमिनींच्या मशागतीसाठी आणि खतासाठी कर्जाऊ रक्कम द्यायची आणि परतफेड पैशात न घेता ज्वारीत घ्यायची, अशी रीत त्यांनी बसवली. ती ज्वारी गावातच साठवायची आणि पावसाळ्याच्या उपासमारीच्या महिन्यांत गरिबातल्या गरिबाला कमी भावात द्यायची. गरीब कोण, हे तहसीलच्या यादीवरून न ठरवता गावाने बसून ठरवायचे. बियाणे घरच्या मडक्यात राखायचे, दुकानातून आणायचे नाही. २००८ साली याच बायांनी स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार त्यांना मिळाला. शाळेची पायरी न चढलेल्या बायांनी मशागत, बियाणे, साठवण आणि वाटप ही सगळी साखळी आपल्या हातात घेतली, ही त्यातली शिकण्याची गोष्ट.

आपल्या जिल्ह्यातही असे काम झाले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात उभ्या राहिलेल्या कामातून स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था पुढे आली. घरच्या जमिनीतला एक एकर किंवा अर्धा एकर बाईच्या ताब्यात द्यायचा, त्यात काय पेरायचे ते तिने ठरवायचे, रासायनिक खत न वापरता डाळी, धान्य, भाज्या पिकवायच्या, आधी घर खाईल आणि उरले ते विकायचे, अशी ही 'एक एकर'ची पद्धत आहे. या संस्थेलाही २०१६ चा इक्वेटर पुरस्कार मिळाला. काम चांगलेच आहे. पण आपल्या वस्तीतली भगिनी विचारते की ज्या घरात एक गुंठा नाही तिथल्या बाईने एक एकर आणायचा कुठून? नवऱ्याकडे असेल तर तो बायकोला देईल ना! या प्रश्नाचे उत्तर पुन्हा गायरानापाशीच येऊन थांबते.

आणि नेमके तेच गायरान आज धोक्यात आहे.

२८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सार्वजनिक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. १२ जुलै २०११ रोजी महाराष्ट्र शासनानेही त्याप्रमाणे निर्णय काढला. आपल्याला तलाठी कार्यालयात हा निकाल नेहमी दाखवला जातो. पण त्याच निकालात शेवटी एक अपवाद आहे, तो कुणी वाचून दाखवत नाही. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या आदेशान्वये पट्टा दिलेला असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय असेल, तर अपवाद म्हणून नियमित करण्याला न्यायालयाने वाव ठेवला आहे. हा अपवाद प्रत्येक कार्यकर्त्याने तोंडपाठ केला पाहिजे.

२०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे हा विषय पुन्हा आला. त्या वेळी समोर आलेले आकडे असे. राज्यात गायरान सुमारे ४ लाख ५२ हजार हेक्टर. त्यातल्या सुमारे १० हजार हेक्टरवर अतिक्रमण. अतिक्रमणांची संख्या २ लाख २२ हजारांवर. मी कारकुनी करणारा माणूस, आकडे दिसले की बेरीज-भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. शंभर हेक्टर गायरानातले जेमतेम सव्वादोन हेक्टर आणि एकेका अतिक्रमणाला सरासरी साडेचार गुंठे. एवढ्याशा जागेत घर, गोठा किंवा तुकडाभर रान. एवढ्यासाठी नोटिसा निघाल्या, मोर्चे निघाले आणि गरिबाच्या घरी महिनोन्‌महिने झोप नव्हती.

आता त्याच गायरानाला नवा गिऱ्हाईक आला आहे. २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून गावोगाव सौर प्रकल्प उभारायचे आणि त्यासाठी सरकारी जमीन, गायरानसुद्धा, द्यायची. दिवसा वीज मिळणे वाईट नाही. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाऊन साप चावून मेलेल्या माणसाच्या घरचे दुःख आपण जाणतो. सूर्यावर वीज तयार होते, कोळसा जळत नाही, हेही चांगलेच. बाबासाहेबांच्या अनुयायाने विजेला विरोध करण्याचे कारण नाही.

पण योजनेतला हिशेब पाहा. खासगी जमीन भाड्याने घेतली तर मालकाला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ. म्हणजे एकरी अंदाजे ५० हजार. सरकारी जमीन घेतली तर ग्रामपंचायतीला सार्वजनिक सोयींसाठी वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे. आणि त्या गायरानावर ज्याच्या बापाने दगड वेचले, त्याला? काहीच नाही. कारण कागदावर तो तिथे नाहीच. सातबाऱ्यावर 'गायरान' लिहिले आहे, म्हणजे जमीन मोकळी. तीन एकर जमिनीचा मालक घरी बसून वर्षाला दीड लाख घेईल आणि तीन एकर गायरान कसणारा पुन्हा कोयता घेऊन फडावर जाईल. सूर्य एकच, पत्रे एकच, तार एकच. फरक फक्त सातबाऱ्याच्या नावाचा! स्वच्छ ऊर्जा म्हणून आलेल्या प्रकल्पानेही जर जुनीच विषमता पक्की केली, तर वीज स्वच्छ झाली पण न्याय मात्र मळकाच राहिला.

सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडे अतिवृष्टी झाली, तेव्हाही हीच गोष्ट पुन्हा कळली. ओढ्यांनी रान खरवडून नेले, उभी पिके पाण्याखाली गेली. पंचनामा सातबारा पाहून होतो. नियमित न झालेल्या गायरानावरची बाजरी वाहून गेली तर सरकारी हिशेबात ती वाहिलीच नाही. किसान सन्मान निधी नाही, पीककर्ज नाही, भरपाई नाही. हवामान बिघडले त्यात ज्याचा काडीचा हात नाही, त्याला शिक्षा सगळ्यात मोठी.

इथे एका आक्षेपाला प्रामाणिकपणे उत्तर दिले पाहिजे. गावातले लोक म्हणतात, "सगळे गायरान तुम्हीच पेरले तर जनावरे चरायची कुठे?" हा प्रश्न नेहमीच जातीच्या द्वेषातून येतो असे नाही. खव्याच्या धंद्यावर जगणाऱ्या आपल्या तालुक्यात चारा हा जिवाचा प्रश्न आहे. धनगराची मेंढरे, आपल्याच मावशीच्या चार शेळ्या, याही गायरानावरच चरतात. आपला हक्क मागताना दुसऱ्या गरिबाचा हक्क तुडवला तर आपणही तेच केले, जे आपल्याशी केले गेले.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे ते इथे आठवावे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचा तंटा झाला. शाक्य संघाने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि सुचवले की दोन्ही बाजूंची माणसे निवडा, त्यांनी मिळून आणखी एक निवडावा आणि सर्वांनी बसून तंटा मिटवावा. संघाने ते ऐकले नाही. पण अडीच हजार वर्षांपूर्वीची ती सूचना आजच्या गायरानाला तंतोतंत लागू पडते. गावाच्या सामायिक गोष्टीचा निवाडा बळाने होऊ नये, तो सर्वांच्या बैठकीत व्हावा आणि त्या बैठकीत दुबळ्याची माणसे बरोबरीने बसलेली असावीत.

म्हणून गायरानाचा नकाशा पुढ्यात घेऊन गावाने ठरवावे. जे रान वर्षानुवर्षे कसले जाते ते कसणाऱ्याच्या नावे व्हावे. चराईसाठी ठरावीक भाग राखावा, तिथे गवत आणि बाभूळ, बोर, लिंब वाढू द्यावेत. चर खणून पाणी जिरवावे. ते काम रोजगार हमीतून होऊ शकते. सौर प्रकल्प आलाच तर तो खडकाळ, न कसलेल्या भागावर यावा आणि त्याच्या पैशाचा विनियोग भूमिहीनांच्या वस्तीपासून सुरू व्हावा. हा आपला विकास आहे. यात वीजही आहे, जनावरही आहे, झाडही आहे आणि माणूसही आहे.

नुसते म्हणून हे होणार नाही. कामाला लागण्यासाठी काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कागद. गावात अतिक्रमणांची नोंद ठेवणारी एक वही असते, तिला गाव नमुना एक-ई म्हणतात. आपल्या घरच्या माणसाचे नाव त्यात आहे का, कोणत्या सालापासून आहे, किती क्षेत्र लिहिले आहे, हे पाहा. नक्कल देत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. अर्जाला १० रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाहीत. दंड भरल्याची जुनी पावती, नोटीस, पंचनामा, मतदार यादीतले नाव हे सगळे एका पिशवीत जमवा. अतिक्रमण केले म्हणून आजोबांवर खटला झाला असेल तर त्याचे कागद आधी शोधा. ज्या खटल्याने त्यांना तुरुंगात नेले, तोच खटला ते त्या साली त्या जमिनीवर होते याचा सरकारी पुरावा आहे. १४ एप्रिल १९९० च्या आधीचा ताबा दाखवणारा एक कागदही सोन्याच्या मोलाचा.

दुसरी गोष्ट ग्रामसभा. गायरान दुसऱ्या कामाला देण्याचा विषय निघाला तर ठराव काय झाला, कुणी मांडला, हे वाचून घ्या. वर्षात निदान चार ग्रामसभा होतात. त्याआधी महिलांची वेगळी ग्रामसभा होते, पण ती बहुधा कागदावरच उरकली जाते. आपल्या भगिनींनी त्या सभेला घोळक्याने जावे आणि आपले म्हणणे इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नये. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते. लिहिलेले दहा वर्षांनीही उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट, जमीन मिळाली तर ती टिकवणे. नियमित झालेली जमीन भोगवटादार वर्ग दोनची असते, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तरीही लग्नासाठी, दवाखान्यासाठी शंभर रुपयांच्या कागदावर ती सावकाराच्या ताब्यात देणारे आहेत. असे करू नका. सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावून घ्या. दोन सह्या लागल्या की दारूच्या भरात जमीन जात नाही. ज्यांना गायरान नाही त्यांनी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेचा अर्ज समाजकल्याण कार्यालयात जरूर द्यावा. २००४ सालच्या या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन मिळू शकते आणि २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. विकायला जमीन पुढे येत नाही ही मोठी अडचण आहे, पण अर्जच नसेल तर मागणीच नाही असे सरकार म्हणायला मोकळे.

चौथी गोष्ट आपल्या विहाराची. आपण विहार बांधतो, वर्षावासात ग्रंथवाचन करतो, पौर्णिमेला वंदना घेतो. त्याच विहाराच्या एका कोपऱ्यात धान्याची एक कोठी ठेवायला काय हरकत आहे? सुगीला प्रत्येक घराने दोन पायल्या ज्वारी-बाजरी घालावी. अडचणीच्या घराने आषाढात न्यावी आणि पुढच्या सुगीला परत करावी. व्याज नाही, लाज नाही. शेजारी मटकी, हुलगा, तूर यांच्या गावरान बियाण्याची मडकी ठेवावीत. हिशेब आपल्या शिकलेल्या मुलींनी लिहावा. दान पारमिता म्हणजे काय हे लेकरांना यातून जेवढे कळेल तेवढे भाषणातून कळणार नाही. आणि आषाढात घरात ज्वारी असली की उचल देणाऱ्या मुकादमाला दारातूनच परत पाठवता येते.

विकासाला पर्याय काय, असा प्रश्न कुणी विचारला तर आपले उत्तर तयार असू द्या. भूमिहीनाच्या नावावर जमीन, त्या जमिनीवर घर खाईल असे पीक, उरलेल्या गायरानावर सर्वांची जनावरे आणि झाडे, आणि या सगळ्याचा निवाडा करणाऱ्या सभेत आपल्या बाईचा आवाज. हे नसेल तर मोठ्या कारखान्याचा विकासही आपला नाही आणि निसर्गाकडे परत नेणारा पर्यायही आपला नाही.

येत्या ग्रामसभेच्या आधी आपल्या वस्तीत एक बैठक घ्या. प्रत्येक घराची कागदांची पिशवी समोर मांडा. कुणाकडे काय आहे, काय नाही, याची एक यादी करा. एवढे एक काम झाले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले.

जयभीम! नमो बुद्धाय!